सल्ल्याचे सामर्थ्य : महिला आयोगाच्या सदस्यत्वाचा अर्थ

शासनाच्या राजपत्रात एक छोटीशी अधिसूचना प्रसिद्ध होते. तीत काही नावे असतात, नावांपुढे ‘सदस्य’ असा उल्लेख असतो आणि नियुक्तीचा कालावधी नमूद केलेला असतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते. आपल्या परिसरातील एखादी शिक्षिका, वकील, कामगार चळवळीतील कार्यकर्ती वा एखाद्या संस्थेची संचालिका महिला आयोगावर गेली, याचा आनंद लोकांना व्हावा हे स्वाभाविकच आहे. परंतु गळ्यातील हार उतरल्यावर या सदस्याने नेमके करावयाचे काय, याची कल्पना सत्कार करणाऱ्यांना बहुधा नसते. आणि पुष्कळदा खुद्द सदस्यालाही ती पहिल्या दोन-चार बैठकांनंतरच येऊ लागते.

या संदर्भात दोन समजुती सर्वत्र आढळतात. आयोग म्हणजे स्त्रियांसाठी स्थापन झालेले एक न्यायालयच आहे, तेथे गेले की निकाल मिळतो, ही पहिली. आयोगाला कसलेच अधिकार नाहीत, तो केवळ सल्ला देतो, म्हणजे तो एक शोभेचा भाग आहे, ही दुसरी. पहिली समजूत पीडित स्त्रियांमध्ये अधिक दिसते, दुसरी आम्हा शासकीय कर्मचाऱ्यांमध्ये. दोन्ही चुकीच्या आहेत. परंतु दुसरी अधिक हानिकारक आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण ‘केवळ सल्ला’ म्हणून ज्याची वासलात लावली जाते, त्या सल्ल्याचा इतिहास आपल्या देशात तरी मोठा बोलका आहे.

एका समितीची कथा

महिला आयोगाचे मूळ शोधू लागलो तर १९७१ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी केंद्र शासनाच्या शिक्षण व समाजकल्याण मंत्रालयाने भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली. माजी केंद्रीय राज्यमंत्री डॉ. फुलरेणू गुहा या तिच्या अध्यक्षा होत्या. दिल्ली विद्यापीठातील कायद्याच्या प्राध्यापिका लोतिका सरकार, मानवशास्त्रज्ञ लीला दुबे आणि मुंबईच्या कामगार चळवळीत ज्यांनी आयुष्य वेचले त्या मणिबेन कारा यांसारख्या व्यक्ती सदस्य होत्या. पुढे १९७३ मध्ये डॉ. वीणा मजुमदार सदस्य-सचिव म्हणून आल्या आणि कामाला वेग आला. भारतीय सामाजिकशास्त्र संशोधन परिषदेने या समितीसाठी अनेक अभ्यास करवून घेतले. त्या वेळी परिषदेची धुरा कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे सुपुत्र, थोर शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांच्याकडे होती, हे महाराष्ट्रातील शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

समितीकडे कोणताही कार्यकारी अधिकार नव्हता. तिला कोणास दंड करता येत नव्हता, कोणाची बदली करता येत नव्हती. तिच्याजवळ होते ते प्रश्न विचारण्याचे आणि उत्तरे लिहून ठेवण्याचे काम. देश स्वतंत्र होऊन पाव शतक लोटले होते, संविधानाने समानता दिली होती, सुशिक्षित मध्यमवर्गातील स्त्रिया नोकऱ्या करू लागल्या होत्या. तेव्हा अहवाल समाधानकारक येईल अशीच बहुतेकांची अपेक्षा असावी. १९७४ च्या अखेरीस समितीने ‘समानतेकडे’ या अर्थाचे इंग्रजी शीर्षक असलेला जो अहवाल सादर केला, त्याने हे समाधान पार ढवळून काढले. १९०१ साली देशात दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ च्या जनगणनेत हे प्रमाण ९३० वर आले होते. आकडे जनगणनेचेच होते, शासनाच्या कपाटातच होते. त्यांच्याकडे स्त्रियांच्या प्रश्नाच्या दृष्टीने कोणी पाहिले नव्हते, एवढेच.

समितीच्या शिफारशींपैकी काहींना तत्काळ फळ आले. समान कामाला समान वेतन देणारा अध्यादेश १९७५ मध्ये निघाला व १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. जाता जाता एक उल्लेख करावासा वाटतो. स्त्रियांना कोणत्या उद्योगांत व कितपत रोजगार देता येईल याविषयी शासनास सल्ला देण्यासाठी त्या कायद्याने सल्लागार समितीची तरतूद केली होती. तीत किमान दहा सदस्य आणि त्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायद्यातच म्हटले होते. सल्ला घ्यावयाचा तर तो ज्यांच्याविषयी आहे त्यांच्याकडूनही घेतला पाहिजे, ही साधी गोष्ट तेव्हा कायद्याने लिहावी लागली.

दुसऱ्या काही शिफारशींना मात्र फार वाट पाहावी लागली. केंद्रात व राज्यांत स्त्रियांसाठी वैधानिक व स्वायत्त आयोग असावेत, ही त्यांपैकीच एक. समितीचे काम संपले की समिती विसर्जित होते; तिच्या शिफारशींचे पुढे काय झाले हे पाहणारे कोणीतरी कायमचे असले पाहिजे, असा त्यामागचा विचार होता. १९८८ च्या राष्ट्रीय परिप्रेक्ष्य योजनेनेही अशा सर्वोच्च संस्थेचा आग्रह धरला. संसदेने राष्ट्रीय महिला आयोग अधिनियम १९९० मध्ये संमत केला आणि ३१ जानेवारी १९९२ रोजी जयंती पटनाईक यांच्या अध्यक्षतेखाली आयोग अस्तित्वात आला. पुढच्याच वर्षी, २५ जानेवारी १९९३ रोजी, महाराष्ट्र राज्य महिला आयोगाची स्थापना झाली. दिलेला सल्ला आणि त्याची अंमलबजावणी यांत सतरा-अठरा वर्षांचे अंतर पडले.

कायद्याने काय दिले

राष्ट्रीय आयोगावर अध्यक्ष, पाच सदस्य व एक सदस्य-सचिव असतात. सदस्य कोठून घ्यावेत याविषयी अधिनियमाने दिलेली क्षेत्रे पाहण्यासारखी आहेत : कायदा, कामगार संघटना, स्त्रियांचा रोजगार वाढविणाऱ्या उद्योगाचे व्यवस्थापन, स्वयंसेवी स्त्री संघटना, प्रशासन, आर्थिक विकास, आरोग्य, शिक्षण, समाजकल्याण. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांतील किमान प्रत्येकी एक सदस्य असावा, असेही बंधन आहे. मुदत तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही. पूर्वपरवानगीवाचून लागोपाठ तीन बैठकांना गैरहजर राहणाऱ्या सदस्यास पदावरून दूर करता येते. ही तरतूद ज्याने मसुद्यात घातली त्या अधिकाऱ्याला समित्यांचा चांगलाच अनुभव असला पाहिजे! महाराष्ट्राच्या आयोगाची रचनाही बहुतांशी याच धर्तीवर आहे. फरक असा की येथे राज्याचे पोलीस महासंचालक हे पदसिद्ध सदस्य असतात. तक्रारींपैकी किती तक्रारींची वाट अखेर पोलीस ठाण्याकडे जाते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

अधिनियमाच्या कलम १० मध्ये आयोगाची कामे सांगितली आहेत. लोकांना त्यांतील एकच काम माहीत असते, ते म्हणजे तक्रारींची दखल घेणे. प्रत्यक्षात यादीच्या आरंभी जे येते ते निराळेच आहे : संविधानाने व इतर कायद्यांनी स्त्रियांना दिलेल्या संरक्षणाची तपासणी करणे, त्याविषयी शासनास दरवर्षी अहवाल देणे, कायद्यांतील उणिवा दाखवून दुरुस्त्या सुचविणे. तुरुंग, सुधारगृहे, महिलांच्या संस्था यांना भेटी देऊन तेथील स्थिती संबंधित अधिकाऱ्यांच्या नजरेस आणणे, स्त्रियांच्या सामाजिक व आर्थिक विकासाच्या नियोजनात भाग घेऊन सल्ला देणे, मोठ्या संख्येने स्त्रियांवर परिणाम करणाऱ्या दाव्यांना अर्थसाहाय्य करणे, हीही कामे त्यात आहेत. चौकशी करताना साक्षीदारास बोलावणे, कागदपत्रे हजर करावयास लावणे, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेणे, कार्यालयांतून शासकीय अभिलेख मागविणे यांपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकारही आयोगास आहेत. शिवाय स्त्रियांवर परिणाम करणाऱ्या सर्व महत्त्वाच्या धोरणविषयक बाबींत केंद्र शासनाने आयोगाचा विचार घ्यावा, असे कलम १६ सांगते.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची वाटते ती एक शांत, कोणाच्या लक्षात न येणारी तरतूद. आयोगाने दिलेले अहवाल केंद्र शासनाने संसदेपुढे ठेवावयाचे असतात आणि सोबत एक निवेदन जोडावयाचे असते. शिफारशींवर काय कार्यवाही केली वा करण्याचे योजिले आहे, आणि एखादी शिफारस स्वीकारली नसेल तर ती का स्वीकारली नाही, याची कारणे त्यात द्यावी लागतात. राज्याशी संबंधित भाग असेल तर तो अशाच निवेदनासह राज्य विधानमंडळापुढे जातो. म्हणजे शासनावर सल्ला मानण्याचे बंधन नाही. उत्तर देण्याचे मात्र आहे. सल्लागार संस्थेचे सारे सामर्थ्य या उत्तरदायित्वात साठविलेले आहे.

यातून सदस्याच्या कामाचे स्वरूप ठरते. ज्या शिफारशीला उत्तर द्यावे लागेल ती शिफारस उत्तर देण्याजोगी असली पाहिजे. ‘स्त्रियांवरील अन्याय दूर करण्यासाठी शासनाने प्रभावी उपाय योजावेत’ असे लिहिले तर शासन ‘उपाय योजण्यात येत आहेत’ असे उत्तर देईल, आणि दोन्ही वाक्ये कागदावर सुखाने नांदतील. ‘अमुक कायद्याच्या अमुक नियमातील मुदत पाळली जात नाही, या अभिलेखांवरून ते दिसते, सबब ती मुदत ओलांडणाऱ्या प्रकरणांचा तिमाही आढावा जिल्हाधिकाऱ्यांनी घ्यावा’ असे लिहिले तर मात्र कोणातरी अधिकाऱ्याला फाईल उघडावी लागते. हे मी माहिती खात्यात राहून लिहितो आहे. कोणत्या वाक्याला उत्तर सोपे आणि कोणत्या वाक्याला अवघड, याचा थोडाफार परिचय नोकरीमुळे झालेला आहे.

जनसुनावणीच्या दालनात

‘महिला आयोग आपल्या दारी’ या उपक्रमाखाली राज्य आयोग जिल्ह्याजिल्ह्यांत जनसुनावण्या घेतो. अशाच एका सुनावणीस वृत्त देण्यासाठी उपस्थित राहण्याचा योग आला. नियोजन भवनाचे सभागृह, एका बाजूला पोलीस अधिकारी, महिला व बालविकास अधिकारी, संरक्षण अधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे वकील अशी रांग. समोर खुर्च्यांवर सकाळपासून येऊन बसलेल्या स्त्रिया. कोणाबरोबर भाऊ, कोणाबरोबर कडेवरचे मूल. बहुतेक तक्रारी घरगुती हिंसाचाराच्या, पोटगीच्या, छळाच्या होत्या.

दुपारी एक प्रौढ विधवा पुढे आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. पतीच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचे नाव लागलेले नव्हते. दिरांनी हरकत घेतली होती, तलाठी कार्यालयात (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) ती अनेकदा जाऊन आली होती. ती म्हणाली, “ताई, मला कुणाशी भांडायचं नाही. फक्त माझं नाव लावून द्या.”

सदस्यांनी कागद नीट पाहिले. मग त्या म्हणाल्या, “मावशी, नाव लावण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. तो मंडल अधिकाऱ्यांकडे आहे. पण तुमची नोंद कुठे अडली आहे ते मी आत्ता विचारते.”

महसूल विभागाचे प्रतिनिधी दालनात होते. फेरफाराची नोंद झाली आहे काय, हरकत कोणत्या तारखेस आली, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत ती घेतली आहे काय, सुनावणीची नोटीस निघाली काय, असे चार प्रश्न सदस्यांनी विचारले. दोहोंची उत्तरे मिळाली, दोहोंची मिळाली नाहीत. ते सारे त्यांनी टिपून घेतले. एवढ्यावर हे प्रकरण संपले असते तर त्यात विशेष काही नव्हते. परंतु त्यांनी पाचवा प्रश्न विचारला : “या तालुक्यात पतीच्या निधनानंतर पत्नीच्या नावाची वारस नोंद प्रलंबित असलेली प्रकरणे किती आहेत?”

दालनात कोणाकडेच याचे उत्तर नव्हते. तशी वेगळी यादी कोणी केलेलीच नव्हती. विवादग्रस्त नोंदी किती हे सांगता आले असते. त्यांत विधवांच्या किती, हे नाही. सदस्यांनी यादी मागविली आणि पुढच्या तक्रारदारास बोलावले.

सायंकाळी मी वृत्त तयार केले. एकूण तक्रारी किती आल्या, जागेवर किती निकाली निघाल्या, कोणकोण मान्यवर उपस्थित होते, हे सर्व त्यात होते. तो पाचवा प्रश्न नव्हता. वृत्तमूल्य म्हणून तो मला सुचलाच नाही. आज मागे वळून पाहता त्या दिवशीचे आयोगाचे खरे काम तेवढेच होते असे वाटते. बाकीची कामे त्या दालनातील अन्य कोणत्या ना कोणत्या अधिकाऱ्यालाही करता आली असती.

एका स्त्रीचे गाऱ्हाणे ऐकून तिच्यासारख्या इतरांचा हिशेब मागणे, ही सल्लागार सदस्याची खास दृष्टी होय. आणि ती टिकविणे सोपे नाही. समोर रडणारी व्यक्ती असताना यादीची भाषा निष्ठुर वाटते. तक्रारींचा ओघ एवढा असतो की सदस्याचा सारा वेळ पत्रे पाठविण्यात, समुपदेशनात आणि सुनावण्यांत जातो. कायद्यांचा आढावा, तुरुंग व वसतिगृहांच्या भेटी, अभ्यास यांना दिवसच उरत नाही. तक्रारींचा निपटारा वर्तमानपत्रात दिसतो, अहवालातील परिच्छेद दिसत नाही. ज्या आयोगाने केवळ निकाली तक्रारींच्या संख्येवर आपले मोजमाप करून घेतले, त्याने आपले निम्म्याहून अधिक काम सोडून दिले, असे म्हणावे लागेल.

मर्यादेची रेषा

सदस्याच्या अधिकाराची रेषा कोठे संपते याचा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट निर्णय दिला आहे. ओडिशातील एका दांपत्याच्या प्रकरणात तेथील राज्य महिला आयोगाने पतीने पोटगी द्यावी अशा स्वरूपाचा आदेश दिला होता. पक्षकारांचे हक्क ठरविण्याचा, म्हणजे न्यायनिवाडा करण्याचा, अधिकार कायद्याने आयोगास दिलेला नाही, असे सांगून न्यायालयाने तो रद्द ठरविला. आयोगाने तक्रार घ्यावी, चौकशी करावी आणि योग्य प्राधिकाऱ्याकडे प्रकरण न्यावे. निकाल देणे हे त्याचे क्षेत्र नव्हे.

या निर्णयाने आयोगाचे पंख कापले अशी टीका झाली तर ती समजण्यासारखी आहे. तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अधिकार नसताना दिलेला आदेश काही वर्षांनी वरच्या न्यायालयात रद्द होतो, तेव्हा त्याची किंमत त्या स्त्रीलाच मोजावी लागते. मधली वर्षे वाया जातात आणि पोटगीचा योग्य अर्ज योग्य न्यायालयात दाखल व्हावयाचा राहून जातो. “नाव लावण्याचा अधिकार माझ्याकडे नाही” हे त्या सदस्यांचे वाक्य त्या विधवेस निराश करणारे होते, पण ते तिला फसविणारे नव्हते.

न्यायालयापुढेही आयोगाच्या सल्ल्याला स्थान असते, याचे उदाहरण विवाह नोंदणीचे आहे. विवाहांची नोंदणी सक्तीची असावी काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली निर्णय दिला, त्यात राष्ट्रीय महिला आयोगाच्या प्रतिज्ञापत्राचा विस्ताराने उल्लेख आहे. नोंदणी नसल्याचा फटका सर्वाधिक स्त्रियांनाच बसतो, नोंदणी झाल्यास बालविवाहास व द्विभार्याविवाहास आळा बसेल, पत्नीस पोटगी व घरात राहण्याचा हक्क सांगता येईल, विधवेस वारसाहक्क सांगणे सुलभ होईल, अशी आयोगाची मांडणी होती. न्यायालयाने सर्व राज्यांना नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा स्वतंत्र कायदा आधीपासूनच होता. आज गावात लग्नानंतर जोडपे ग्रामपंचायत कार्यालयात नोंदणीस येते, तेव्हा त्या प्रमाणपत्रामागे कोठेतरी एका सल्लागार संस्थेने विचारपूर्वक लिहिलेली काही पाने आहेत.

अल्पमताचे पान

सल्लागार मंडळावर बसणाऱ्याच्या वाट्याला एक अवघड प्रसंग कधी ना कधी येतोच. बहुमत एकीकडे असते आणि आपली खात्री दुसरीकडे. बैठकीत हात वर करून गप्प बसणे सोयीचे असते. चहा आलेला असतो, परतीची गाडी पकडावयाची असते, अध्यक्षांशी संबंध चांगले असतात.

१९७४ च्या त्या समितीत असाच प्रसंग उद्भवला. विधानमंडळांत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्यात काय, या प्रश्नावर समितीच्या बहुमताने नकारार्थी कौल दिला. स्त्रिया हा काही अल्पसंख्य समाज नव्हे, त्यांचे हित इतर समाजघटकांपासून तोडून पाहता येत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. त्याऐवजी राजकीय पक्षांनी स्त्री उमेदवारांचे प्रमाण ठरवून घ्यावे आणि ग्रामपातळीवर वैधानिक महिला पंचायती असाव्यात, असे समितीने सुचविले. लोतिका सरकार व वीणा मजुमदार यांना हे पटले नाही. त्यांनी राखीव जागांच्या बाजूने भिन्नमतपत्रिका लिहिली आणि ती अहवालास जोडली गेली.

त्या वेळी ती पाने कोणी गांभीर्याने वाचली असतील असे वाटत नाही. परंतु महाराष्ट्राने १९९० मध्ये पंचायत राज संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवल्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि देशभर एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. २०२३ मध्ये लोकसभा व विधानसभांतील एक-तृतीयांश जागांसंबंधीची १०६ वी घटनादुरुस्ती संसदेने संमत केली. हे केवळ त्या पानांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; त्यामागे अनेक चळवळी व अनेक माणसे होती. पण पुढे ज्यांनी हा प्रश्न हाती घेतला त्यांना आपल्या आधी कोणीतरी हे विचारपूर्वक, कारणांसह लिहून ठेवले आहे, हा आधार मिळाला. प्रस्तुत अंक वाचणाऱ्या सरपंच भगिनींपैकी अनेकींची खुर्ची त्या अल्पमताच्या दिशेने आलेली आहे.

बहुमताचा सल्लाही कधी निराळ्या वेषात परततो, हेही नमूद केले पाहिजे. हिंदू एकत्र कुटुंबातील जन्मसिद्ध हक्काची पद्धतच रद्द करावी, असे त्या समितीने सुचविले होते. महाराष्ट्राने ते तसे स्वीकारले नाही. १९९४ मध्ये मुलीलाही मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ मध्ये केंद्राने तोच मार्ग देशभर लागू केला. सल्ला देणाऱ्याने मार्ग सुचविला, कायदा करणाऱ्याने दुसरा निवडला. प्रश्न मात्र ज्याने प्रथम नेमका मांडला त्याचाच राहिला.

रिकामी खुर्ची

आयोगातील एखादी जागा रिक्त आहे म्हणून त्याचे कामकाज अवैध ठरत नाही, असे अधिनियमात म्हटले आहे. कायद्याच्या दृष्टीने हे आवश्यकच आहे. व्यवहारात मात्र रिकाम्या खुर्चीची किंमत मोजावी लागते. आपल्या राज्य आयोगाचे अध्यक्षपद फेब्रुवारी २०२० मध्ये रिक्त झाले आणि नवी नियुक्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. मधला काळ टाळेबंदीचा होता. घराबाहेर पडणे बंद झाले की घरातील छळ वाढतो, हे त्या काळाने सर्वांना दाखविले. कार्यालय चालू असते, पत्रांना पोच जाते; पण शासनाला उद्देशून ठामपणे एखादी शिफारस करण्याचे काम कार्यालय करीत नाही, ते मंडळाने करावयाचे असते.

नियुक्ती शासन करते आणि सल्लाही शासनालाच द्यावयाचा असतो, ही या पदातील मूळची अडचण आहे. ती लपविण्यात अर्थ नाही. कायद्याने ठरवून दिलेली मुदत, पदावरून दूर करण्याची मर्यादित कारणे आणि सदस्यास असलेला लोकसेवकाचा दर्जा, एवढीच संरक्षणे आहेत. उरलेले त्या व्यक्तीच्या स्वभावावर अवलंबून राहते.

ग्रामपंचायतीच्या टेबलावर

या साऱ्याचा गावाशी संबंध काय, असे एखादा पंचायत सदस्य विचारील. आयोगाचे एखादे पत्र ग्रामपंचायतीस, शाळेस वा तहसील कार्यालयास येते, तेव्हा ते बहुधा चौकशीचा अहवाल मागणारे असते. त्यावर ‘सदर प्रकरण आपसांत मिटविण्यात आले आहे’ असे एका ओळीचे उत्तर पाठविण्याचा प्रघात आहे. कोणी मिटविले, त्या स्त्रीचे म्हणणे काय, तिची सही वा अंगठा आहे काय, ती आज कोठे राहते, हे त्यात नसते. असे उत्तर गेले की आयोगाच्या अहवालातही तेवढेच उतरते आणि विधानमंडळापुढे जाणारे चित्र अपुरे राहते. उलट नोंदवहीचे उतारे, तारखा आणि तक्रारदाराचे स्वतंत्रपणे नोंदविलेले म्हणणे यांसह गेलेले दोन पानी उत्तर पुढे फार उपयोगी पडते.

महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेपूर्वी गावातील महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. तीही एका अर्थाने सल्लागार सभाच. काही गावांत ती मनापासून भरते, काही गावांत केवळ सह्यांची वही घरोघर फिरते. जेथे ती खरोखर भरते तेथे कोणत्या घरात विधवेचे नाव उताऱ्यावर नाही, कोणत्या मुलीचे लग्न वयाआधी ठरले आहे, कोणत्या शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, याची माहिती कोणत्याही आयोगाआधी गावालाच मिळते. तिचे इतिवृत्त तारखेसह नीट लिहिले गेले, तर आयोगाच्या सदस्यास चौकशीला आल्यावर तीच वही प्रथम मागावीशी वाटेल.

त्या तालुक्याच्या यादीचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. सुमारे दोन महिन्यांनी दुसऱ्या कामानिमित्त त्या कार्यालयात जाणे झाले, तेव्हा मुद्दाम चौकशी केली. यादी तयार झाली होती. गावनिहाय, मृत खातेदाराचे नाव, पत्नीचे नाव, अर्जाची तारीख, हरकत असल्यास तिचे स्वरूप, अशा रकान्यांची. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आलेल्या त्या मावशींचे नाव दुसऱ्या पानावर होते. त्यांच्या हरकतीवर सुनावणीची तारीख लागली होती, आणि यादीची एक प्रत आयोगाच्या कार्यालयाकडे रवाना झाल्याची नोंद जावक नोंदवहीत होती.